कोपराचा आलेख

मांडे करणाऱ्या बाईचा हात कोपरापर्यंत कामाला लागतो, हे ज्यांनी मांडे फक्त ताटात पाहिले त्यांना सांगून पटत नाही. कणकेचे दोन उंडे आणि मध्ये पुरण, इथपर्यंत पोळपाट पुरतो. पुढे तो मांडा हातांवर येतो. या मनगटावरून त्या मनगटावर, मनगटावरून कोपरापर्यंत, फट् फट् आवाज करत फिरतो आणि प्रत्येक फेरीला बोटभर वाढतो. दोन्ही हात पुढे सरळ पसरले तरच हे जमतं. एक हात आखडला की मांडा त्या बाजूला गोळा होतो आणि मधोमध फाटतो. परातीएवढा, जवळजवळ आरपार दिसणारा झाला की तो चुलीवरच्या उपड्या खापरावर पडतो, आणि पुरण शिजल्याचा, माती तापल्याचा असा काही वास सुटतो की शेजारची मांजरंसुद्धा ओळीनं येऊन बसत. आमच्या घरात हा आवाज आणि हा वास म्हणजे मोठमाय. माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. धुळ्याहून साक्रीकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचं गाव; तिथं लग्नाची तारीख आधी गुरुजींना विचारत आणि मग मोठमायला. गुरुजींनी काढून दिलेला मुहूर्त एक-दोनदा बदलल्याचं मला आठवतं. मोठमायनं दिलेला कधी बदलला नाही.

तिला हा मान माहीत होता आणि तिनं तो कधी बोलून दाखवला नाही. एरवी ती चारचौघींसारखीच होती. पहाटे उठायची, कळण्याच्या भाकरी थापायची, मिरचीचा ठेचा रगडताना स्वतःशीच काहीतरी गुणगुणायची, आणि माझे मोठे काका, ज्यांना सगळे आबा म्हणत, ते दिवसाकाठी जे पाचसात शब्द बोलत त्यातले निम्मे तिच्या नावानं असत. दोन मुली लग्न होऊन गेल्यावर तिचा जीव माझ्यावर होता. मला शिकायला जळगावला पाठवायचं की शेतात घालायचं, यावर माझे वडील, म्हणजे नाना, दोन महिने अडून बसले होते. शेवटी मोठमाय त्यांना म्हणाली, "नाना, त्याना हातले नांगर शोभाव नई. त्याले जाऊ द्या." नांगर मला शोभत नव्हता हे खरंच होतं. त्यामुळे मी हुशार ठरत नाही, हे त्या वेळी घरात कोणाच्या लक्षात आलं नाही. माझ्या तर मुळीच नाही.

जळगावच्या कॉलेजात मी दुसऱ्या वर्षाला होतो तेव्हा आम्हाला शरीरक्रियाशास्त्राचा एक प्रयोग होता. बेडकाच्या पोटरीचा स्नायू सोडवून घ्यायचा, वरचं टोक चिमट्यात धरायचं, खालच्या टोकाला आकडा लावून त्यात दहा दहा ग्रॅमची वजनं घालत जायचं. स्नायूला बांधलेली एक काडी काजळी धरलेल्या कागदावर रेघ ओढायची. शेजारी तुलनेसाठी एक स्प्रिंग आणि एक रबराची पट्टी. स्प्रिंग सरळ स्वभावाची. प्रत्येक वजनाला तेवढीच लांबते. स्नायूचं तसं नाही. पहिल्या वजनाला तो भरपूर लांबतो, दुसऱ्याला त्याहून कमी, पुढे पुढे आणखी कमी, जणू आतून कोणी पाय रोवून बसलंय. वजनं काढली की परत येतो, पण पूर्वीच्या जागेवर पुरता येत नाही. आलेख काढला की रेघ आधी चढते आणि मग आडवी व्हायला लागते. माझा आलेख इतका सुबक आला की सरांनी तो वर्गात फिरवला. पाय रोवून कोण बसलंय हे त्या काळात आमच्या पुस्तकात नव्हतं. पुढे मी स्वतः तीसेक वर्षं हाच विषय शिकवला. स्नायूच्या प्रत्येक तंतूत स्प्रिंगसारखं एक लांबलचक प्रथिन असतं, ताणलं की ते उलगडत जातं आणि एका मर्यादेपुढे ठाम नकार देतं, हे मी शेकडो मुलांना सांगितलं. सांगताना मला प्रत्येक वेळी घाम यायचा. मुलं समजत, सर किती जीव ओतून शिकवतात.

त्या वर्षी परीक्षा आटोपून मी एरंडोल-पारोळ्याच्या एस.टी.नं धुळ्याला आणि तिथून गावाला आलो तो चैत्राचा मध्य होता. मोठमाय ओट्यावर बसलेली. उजवा हात पोटाशी काटकोनात धरलेला, जणू अदृश्य सूप धरलंय. महिन्याभरापूर्वी हौदापाशी शेवाळावरून घसरून ती कोपरावर पडली होती. धुळ्याच्या डॉक्टरांनी प्लास्टर घातलं होतं, ते आदल्याच आठवड्यात निघालं होतं. माझ्या परीक्षेत विघ्न नको म्हणून मला कळवलं नव्हतं.

"कव्हय उना भाऊ?" ती डाव्या हातानं माझ्या गालाला हात लावत म्हणाली. "वाळी गया रे."

"आत्ताच आलो. हाताची हालचाल कितपत होते?"

ती हसली. आईला हाक मारून म्हणाली, "ऐकं का? भाऊ जयगावले गया नि रेडिओना मायक बोलाले लागना." रेडिओसारखं, म्हणजे पुस्तकी.

आखाजीला तीन आठवडे होते. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, आमच्याकडचा मोठा सण. सासरी गेलेल्या मुली माहेरी येतात, झाडांना झोके बांधतात, आणि घरोघर आमरस नि मांडे होतात. मोठमायच्या दोन्ही मुली त्यासाठी येणार होत्या. तिनं मला जवळ बसवलं आणि आवाज खाली आणून विचारलं, "आखाजीले मांडा करी शकसू ना मी? तू शिकेल शे. खरं सांग."

"डॉक्टर काय म्हणाले?"

उत्तर नानांनी दिलं. "डाक्टर म्हने, वढानं नई, चोळानं नई, वजन लावानं नई. तिनी तिले हलवू द्या. टाइम लागी."

आता इथं एक वाक्य आहे, जे मी त्या दिवशी बोललो आणि जे मला शब्दशः आठवतं. मी म्हणालो, "नाना, डॉक्टर हे अडाणी लोकांसाठी सांगतात. त्यांना प्रत्येकाला नियम समजावून द्यायला वेळ नसतो." नानांनी मान डोलावली. त्यांच्या चेहऱ्यावर अपमान नव्हता, चक्क समाधान होतं. मुलगा डॉक्टरच्या पुढे गेला, असा त्याचा अर्थ त्यांनी लावला असावा.

दुसऱ्या दिवशी मी प्रयोग मांडला. प्रयोगच म्हणत होतो मी त्याला. मोठमायनं पाटावर बसायचं, दंड उशीवर टेकायचा, मनगटाला कापडी पिशवी अडकवायची. पिशवीत किराणा दुकानातून मागून आणलेली वजनं: पावशेर, अर्धा, एक किलो. शाळेतल्या कंपासपेटीतला कोनमापक मी तिच्या कोपराला लावायचो आणि वहीत आकडा टिपायचो. पहिल्या दिवशी पंचाण्णव अंश. तिसऱ्या दिवशी एकशेआठ. सहाव्या दिवशी एकशेवीस. प्रत्येक वजन पिशवीत पडलं की ती "हां" म्हणायची, म्हणजे घाल पुढचं. तोंड दुसरीकडे वळवून म्हणायची, त्यामुळे चेहरा मला दिसत नसे. आणि मी वहीत पाहत असे, त्यामुळे दिसला असता तरी दिसला नसता. घरात सगळे हरखले होते. आबांनीसुद्धा दिवसाचा एक जादा शब्द खर्च केला. "वा," म्हणाले.

एकटी भिकामावशी हरखली नाही. ती गावातल्या बाळंतिणींना आणि पोरांना तेल लावायची. कोणाची मान धरली, पाठ भरली की तिलाच बोलावणं जायचं. मोठमायची ती मैत्रीण. संध्याकाळी कोमट तेलाची वाटी घेऊन यायची, हात मांडीवर घेऊन नुसता वरून फिरवायची, आणि मोठमायला म्हणायची, आता तुझी तू दुमड, तुझी तू सोड, जेवढं होईल तेवढं. पिशवी पाहून तिनं मला विचारलं, "हाई काय शे?"

मी तिला व्याख्यान दिलं. स्नायू, ताण, बेडूक, आलेख. वही दाखवली. तिला वाचता येत नव्हतं, पण रेघ कशी चढते ते तिनं नीट पाहिलं.

"बेडूकले दुखं ते तो सांगस का भाऊ?"

"मावशी, तो मेलेला असतो. नुसता स्नायू असतो."

"मंग मरेलना कायदा जित्ताले काब्र लावस?"

मोठमाय खळखळून हसली. मीही हसलो, पण वेगळ्या कारणानं. संध्याकाळी मी हा किस्सा गावच्या निवृत्त हेडमास्तरांना सांगितला, अडाणीपणाचा मासला म्हणून. मेलेल्याचा कायदा जित्याला का, हा भिकामावशीचा प्रश्न किती नेमका होता हे कळायला मला पुढची तीन पुस्तकं वाचावी लागली. जिवंत स्नायू झटक्यानं ओढला की तो स्वतःच आखडून ओढणाऱ्याशी भांडतो. टेबलावरचा बेडकाचा स्नायू भांडत नाही, कारण भांडायला मागे कोणी उरलेलंच नसतं.

हेडमास्तर दुसऱ्या दिवशी प्रयोग पाहायला आले. सोबत आणखी तिघं प्रतिष्ठित. आमच्या गावात त्या काळी प्रतिष्ठित माणूस ओळखायची खूण म्हणजे तो उन्हाळ्यातही जाकीट घालायचा. चहा झाला. हेडमास्तरांनी वही डोळ्यांपासून लांब धरून पाहिली आणि म्हणाले, "पण चार दिवस झाले, रेघ इथंच आडवी दिसतेय. एकशेतीस. पुढे?"

"पुढे वजन वाढवावं लागेल," मी म्हणालो. "स्नायूचा गुणधर्मच आहे तो. आखाजीपर्यंत एकशेसाठ होईल."

"एकशेसाठ!" जाकिटवाले एकमेकांकडे पाहून म्हणाले. माझ्या आयुष्यातली ही पहिली प्रशंसा नव्हती, पण पहिली जाहीर प्रशंसा होती. तिची नशा उतरायला एक रात्र पुरली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी घरात कोणी नव्हतं. नाना आणि आबा शेतावर, आई पापड वाळवायला शेजारच्या गच्चीवर. मी पिशवीत दोन किलो घातले. "हां," मोठमाय म्हणाली. कोनमापक लावला. एकशेतीस. आणखी अर्धा किलो. "हां." एकशेतीस. मला राग आला. कोणाचा ते आज सांगता येणार नाही. तिचा असावा, किंवा त्या कोपराचा, ज्याला माझा आलेख पुढे न्यायचा नव्हता. मी वही बाजूला ठेवली, एका हातानं तिचा दंड उशीवर दाबला, दुसऱ्यानं मनगट धरलं आणि खाली ढकललं. सावकाश नाही. एकदम.

काहीतरी सुटल्यासारखं माझ्या तळहाताला जाणवलं. कोपर पुढे गेला, मी कोनमापकाकडे पाहिलंदेखील. आणि मग लक्षात आलं की या वेळी "हां" आलेलं नाही. ती समोरच्या भिंतीकडे पाहत होती. कपाळावर, वरच्या ओठावर घामाचे थेंब. बऱ्याच वेळानं तिनं डावा हात पुढे केला.

"पानी दे."

मी पाणी दिलं. ती प्यायली. पिशवी स्वतःच डाव्या हातानं काढली आणि म्हणाली, "आज इतलंच राहू दे, बापू." बापू ती मला मी लहान असताना म्हणायची.

संध्याकाळी भिकामावशी तेलाची वाटी घेऊन आली. कोपर सुजून गरम झाला होता. तिनं आपला तळवा कोपरावर अधांतरी धरून ऊब पाहिली, हात लावलाच नाही. "कोन वढं?" तिनं विचारलं.

"कोनी नई," मोठमाय म्हणाली.

भिकामावशीनं माझ्याकडे पाहिलं नाही. नानांना म्हणाली, "नाना, आज तेल लावाव नई. हात तापेल शे. डाक्टरले दखाडा." आणि भरलेली वाटी तशीच घेऊन गेली. त्या सगळ्या प्रकरणात शहाणपणाची तेवढी एकच गोष्ट घडली, आणि तीही आम्ही ऐकली नाही. आखाजी तोंडावर होती. सूज उतरेल म्हणून वाट पाहिली.

आखाजीला मुली आल्या. झोके बांधले गेले, आमरसाची पातेली भरली. खापर चुलीवर चढलं आणि त्यापुढे थोरली शांता बसली. मोठमाय बाजूला पाटावर बसून डाव्या हातानं दाखवत होती: असा फिरव, असा नको, घाई नको करू. पहिले चार मांडे फाटले. बाकीचे जाड झाले. सगळ्यांनी छान झाले म्हणून खाल्ले, आणि मोठमायनंही म्हटलं, "छान करात पोरी," पण तिनं स्वतः एक तुकडा मोडला तो ताटाच्या कडेला तसाच राहिला. तिचा उजवा हात पुन्हा काटकोनात येऊन थांबला होता. वही मी माळ्यावर टाकून दिली होती.

सणानंतर आम्ही धुळ्याला गेलो. मोठमाय, नाना आणि एक्स-रेचं पाकीट धरायला मी. डॉक्टरांनी फिल्म उजेडात धरली. कोपराच्या पुढे, जिथे नुसता स्नायू दिसायला हवा, तिथे पांढरट धूर कोंडल्यासारखा दिसत होता. "स्नायू फाटलाय," ते म्हणाले. "आत रक्त साकळलं आणि आता त्यात हाड धरतंय. मी बजावून सांगितलं होतं. ओढलं कोणी? चोळलं कोणी?"

नाना खोटं बोलले नाहीत. हे मला इथं स्पष्ट लिहिलं पाहिजे. ते क्षणभर आठवत राहिले आणि पूर्ण प्रामाणिकपणे म्हणाले, "एक बाई येत होती साहेब. तेल लावायला." मी जे करत होतो ते ओढणं होतं, असं त्यांच्या मनातसुद्धा आलं नाही. तो प्रयोग होता. त्याला वही होती.

"या बायका!" डॉक्टर म्हणाले. "हातपाय घालवतात लोकांचे." मग त्यांचं लक्ष माझ्याकडे गेलं. माझ्या खिशाला पेन होतं. "तू कॉलेजात आहेस ना? तू तरी सांगायचंस यांना. असल्या लोकांच्या नादी लागायचं नाही म्हणून."

मोठमायनं माझ्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात धाक नव्हता, विनंतीही नव्हती. मांडा खापरावर टाकल्यावर तो कसा होतोय हे पाहावं तसं ती नुसती पाहत होती.

मी म्हणालो, "हो सर."

दोन शब्द. पुढच्या आयुष्यात मी हजारो तास बोललो, तास संपल्याची घंटा झाल्यावरही बोलत राहिलो, पण एवढ्या थोड्या शब्दांत इतकं नुकसान मला पुन्हा करता आलेलं नाही. मोठमायनं मान फिरवली आणि डॉक्टरांना विचारलं, "आते काय करानं ते सांगा." करण्यासारखं फारसं नव्हतं. दुखणं जाईल, ते म्हणाले. हात आहे तिथंच राहील.

गावात पोचल्यावर नाना घरी न येता सरळ खालच्या आळीला भिकामावशीच्या दारात गेले. नानांचा आवाज मोठा. मला तो ओट्यावरून ऐकू येत होता. "तुना हात लागना नि तिना हात गया! आजपाईन आम्हना दारमा येवानं नई!" मग तिचा आवाज, फार चढलेला नाही. "नाना, मी फक्त तेल लावं. वढं नई." आठ दिवसांत गावभर झालं. पाटलांच्या सुनेच्या बाळाला तेल लावायला दुसऱ्या गावची बाई येऊ लागली. मग बाकीच्यांनीही तिलाच धरलं. लोक क्रूर नसतात. त्यांना फक्त पाटलांच्या सुनेसारखं राहायचं असतं.

मोठमाय पंधरा दिवस मला काही बोलली नाही, म्हणजे हाताबद्दल. जेवण वाढायची, डाव्या हातानं. मग एके सकाळी मी हौदापाशी तोंड धूत होतो तिथं आली.

"मी कोनले सांगाव नई," ती म्हणाली. "तू बी नानाले आज सांगू नको. पन भिकाकडे जाय. तिले सांग. तिनं नाव खराब व्हयनं."

"जातो," मी म्हणालो.

"आजच."

"आजच जातो."

मी गेलो. दुपारची वेळ, दारात शेळी बांधलेली, भिकामावशी उंबऱ्यात बसून वाती वळत होती. तिनं मला पाणी दिलं. मी बसलो. तिनं परीक्षेचं विचारलं, मी सांगितलं. मोठमायचं विचारलं, "हात कसा शे तिना?" मी म्हणालो, बरा आहे. मग ती पुन्हा वाती वळू लागली. ती गप्प राहत होती ती एखाद्याला जागा करून द्यावी तशी. माझी मान सकाळपासून धरली होती, नीट झोप झाली नव्हती कित्येक दिवस. मी ती एका बाजूला झुकवून बसलो होतो.

"मान वाकडी कसी रे?" ती म्हणाली.

"धरलीय जरा."

"आठे बस."

तिनं मला पुढ्यात बसवलं. बोटाला तेल घेतलं आणि मानेच्या मुळाशी, जिथे गाठ होती, तिथे अंगठा ठेवला. दाबला नाही, ठेवला. तिथंच थांबली. माझा स्नायू आधी आखडला, तिच्या अंगठ्याला विरोध करू लागला. ती वाट पाहत राहिली. किती वेळ गेला माहीत नाही. मग आतून काहीतरी आपण होऊन सैल पडलं, तेव्हा ती केसभर पुढे सरकली आणि पुन्हा थांबली. ताणून धरलेल्या स्नायूतला ताण धरून ठेवल्यानंच हळूहळू उतरत जातो, हे मी पुढे फळ्यावर आलेख काढून शिकवलं. हल्ली माझा खांदा आखडलाय, आणि जळगावात ज्या मुलीकडे मी व्यायामाला जातो ती मला तेच सांगते: "काका, झटका नको. धरा आणि थांबा." मला ते त्या दुपारी एका बाईनं न बोलता शिकवलं होतं, आणि माझे डोळे भरून आले होते, आणि सांगायची वेळ तीच होती. ती माझ्या मागे होती. मला तिच्या डोळ्यांत पाहावंही लागलं नसतं.

मान सुटली. मी उठलो, ती इकडे तिकडे फिरवून पाहिली, "बरं वाटलं मावशी," म्हणालो आणि चप्पल घालून निघालो.

घरी मोठमायनं विचारलं, "सांगं?"

"सांगितलं."

"काय म्हने ती?"

"काही नाही. म्हणाली, जाऊ दे."

मोठमायचा चेहरा उजळला. तिनं मला त्या दिवशी स्वतःच्या ताटातला आंबा काढून दिला, आणि मी तो खाल्ला.

दुसऱ्या दिवशी ती चक्कीवर दळण घेऊन गेली. तिथं तिची आणि भिकामावशीची गाठ पडली असावी. परत आली तेव्हा मी ओट्यावर पुस्तक वाचत पडलो होतो. ती डबा खाली ठेवून उभी राहिली.

"भिका म्हने," ती म्हणाली, "भाऊ उन्था. मान धरायेल व्हती, मी सोडी दिधी. मंग गया."

एवढंच. मी पुस्तकातून डोकं वर काढलं नाही. ती आत गेली, आणि परत बाहेर आली ती घरातली एकुलती एक लोखंडी खुर्ची घेऊन. ती खुर्ची तलाठी आला, डॉक्टर आला की काढत. डाव्या हातानं ओढत तिनं ती माझ्या शेजारी आणून ठेवली, पदरानं पुसली आणि म्हणाली, "वर बसा. खाली कपडा खराब व्हतीन."

तेव्हापासून मी त्या घरात खुर्चीवर बसलो. जेवणाच्या वेळी मला चुलीपाशी हाक येईनाशी झाली; ओट्यावर पाट, वेगळं ताट, हात धुवायला तांब्या आणि टॉवेल, पाहुण्यांना देतात तसं. आई म्हणाली, बघा, जाऊबाई लेकराला किती मान देतात. नाना गावात सांगत, शिकलेल्या माणसाची किंमत आमच्या वहिनीला कळते. पुढे मी प्राध्यापक झालो तेव्हा तर ते सगळ्यांना योग्यच वाटलं. मोठमाय कधी कडू बोलली नाही, मुलाबाळांची चौकशी करायची, निघताना पिशवीत शेंगा घालायची. फक्त त्या मानात तिनं कधी कसूर केली नाही. मी माझ्या निरोपसमारंभात शाल-श्रीफळ घेताना विज्ञाननिष्ठ, सत्यशोधक वगैरे विशेषणं ऐकली आहेत आणि त्यांच्यावर घरी येऊन हसलोही आहे. त्या खुर्चीवर मला कधी हसता आलं नाही.

नानांना मी शेवटपर्यंत सांगितलं नाही. भिकामावशीच्या दारात मी पुन्हा गेलो नाही. तिच्या तेराव्यालासुद्धा एका परिसंवादाचं निमित्त सापडलं. ज्यांना सांगायला हवं होतं ते सगळे ऐकण्यापलीकडे गेल्यावर मी प्रामाणिक झालो आहे, याची वाचकांनी नोंद घ्यावी आणि त्याला धाडस वगैरे म्हणू नये.

मोठमायच्या शेवटच्या दुखण्यात मी जळगावहून गेलो. ती जमिनीवर अंथरुणात होती, फार लहान झालेली. उजवा हात उशीवर, काटकोनात. दार ओलांडताना मी ठरवून आलो होतो: खाली बसायचं, तिचा तो हात हातात घ्यायचा आणि सगळं बोलायचं, मग ती काहीही म्हणो. तिनं डोळे उघडले. मला ओळखलं, हसली असंही मला वाटलं. मी गुडघे मोडून तिच्या शेजारी खाली बसायला लागलो.

"शांता," ती म्हणाली, आवाज अगदी बारीक, पण स्वच्छ. "सरस्ले खुर्ची दे." सरांना, म्हणजे मला.

शांतानं खुर्ची आणली, पुसली, ठेवली. दोघीही माझ्याकडे पाहत होत्या. मी खुर्चीवर बसलो, आणि हवापाण्याचं विचारलं.